अंडे अडले, अंग बाहेर आले की पोटात बलक सांडला? कोंबडीच्या अंडनलिकेचे आजार ओळखण्याची आणि उपचारांची रीत

अंड्यावर आलेली कोंबडी खुराड्याच्या कोपऱ्यात शेपूट पाडून, पिसे फुगवून उभी दिसली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर पाण्यात कुठलीतरी अँटिबायोटिकची पावडर ढवळली जाते, नाहीतर संध्याकाळच्या रश्शाची तयारी सुरू होते. दोन्ही घाईचेच. तशा उभ्या राहिलेल्या कोंबडीला निदान तीन वेगवेगळे आजार असू शकतात. बाहेरून ते सारखे दिसले तरी प्रत्येकाची घाई वेगळी असते. अंग, म्हणजे अंडनलिकेचे आतले अस्तर, बाहेर आले असेल तर हातात मिनिटे असतात. अंडे अडकले असेल तर काही तास मिळतात. पोटात बलक सांडून पू झाला असेल, तर तो आपल्याला दिसण्याआधीच बहुधा आठवडे उलटून गेलेले असतात. म्हणून यातले काय झाले आहे हे आधी ओळखायचे, औषधाचा विचार त्यानंतर.

माझ्याकडे चाळीसेक कोंबड्या आहेत: थोड्या गावरान, थोड्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड ही जात) आणि काही कावेरी या सुधारित जातीच्या. पहिल्याच वर्षी एक आरआयआर सारखी अंडी घालायच्या खोक्यात जाऊन बसू लागली. ती खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, असे समजून मी तिला डालग्याखाली कोंडले आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिलेच नाही. ती खुडूक नव्हती, तिचे अंडे अडकले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डालग्याखाली मेलेली सापडली. एकदा बोटाने तपासले असते तर पाच मिनिटांत कळले असते. पुढे लिहिले आहे ते त्या पाच मिनिटांबद्दल.

आत काय चाललेले असते

कोंबडीचे फक्त डावे अंडाशय आणि डावी अंडनलिका कामाची असते. उजवी बाजू पिल्लाच्या वाढीतच खुंटते. अंडाशयात द्राक्षाच्या घडासारखे लहानमोठे बलक असतात. पिकलेला बलक सुटला की अंडनलिकेचे नरसाळ्यासारखे तोंड त्याला झेलते. तिथे तो पंधरा-वीस मिनिटे असतो. पुढच्या भागात सुमारे तीन तासांत पांढरा बलक चढतो, त्याच्या पुढे तासाभरात पापुद्रे, आणि मग कवचग्रंथीत जवळजवळ वीस तास कवच. सगळा प्रवास २४ ते २६ तासांचा. शेवटी अंडे ज्या तोंडातून बाहेर पडते, तिथूनच शीटही पडते.

एवढे लक्षात असले की बिघाड कुठे होऊ शकतो ते आपोआप कळते. नरसाळ्याने बलक झेलला नाही तर तो पोटाच्या पोकळीत पडतो. नळीत जंतू शिरले तर आत पू साठून त्याचा खरवसासारखा गोळा होतो. कवच पुरेसे झाले नाही, किंवा नळीच्या स्नायूंत ढकलायला जोर उरला नाही, तर अंडे दाराशी अडकते. दार सैल पडले किंवा जोर जास्त झाला तर नळीच उलटून बाहेर येते.

जंगलातली रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी देते. आपली गावरान एका खेपेला बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, तेवढाच तिच्या नळीला विसावा. अंड्यांसाठीच पाळली जाणारी लेयर जातीची कोंबडी मात्र वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. त्यामुळे हे आजार गावरानात कमी आणि लेयर किंवा आरआयआरमध्ये जास्त, त्यातही दीड-दोन वर्षे उलटल्यावर जास्त दिसतात. यात पाळणाऱ्याचा हलगर्जीपणा असतोच असे नाही.

हात लावायच्या आधी

कोंबडी भक्ष्य होणारा प्राणी आहे. दुखणे लपवणे तिच्या अंगातच असते, आणि माणूस जवळ गेला की आजारी कोंबडीसुद्धा ताठ उभी राहते. म्हणून आधी दहा पावले लांब बसून पाहा.

शेपूट खाली आणि अंग मागे झुकलेले, म्हणजे पेंग्विनसारखी उभी, असेल तर पोटात वजन आहे. ते अंड्याचे, पाण्याचे किंवा गाठीचे असेल. ती वारंवार कुंथते आहे का, खोक्यात जाऊन रिकामीच परत येते आहे का, हे पाहा. तुरा लालबुंद आहे, फिका पडला आहे की टोकाला जांभळा झाला आहे? एक पाय ओढत असेल तर तेही टिपून ठेवा. अडकलेले अंडे पायाच्या नसेवर दाबले की कोंबडी लंगडते. मात्र कोवळ्या तलंगेचा, म्हणजे नुकत्याच वयात येणाऱ्या कोंबडीचा, पाय लुळा पडला असेल तर मरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका आधी घ्यावी.

मग स्वतःला विचारा: हिने शेवटचे अंडे कधी दिले? चाळीस कोंबड्यांत हे ठाऊक असणे अवघड आहे, आणि निम्मे निदान इथेच अडते. पायात रंगीत प्लास्टिकच्या कड्या घाला. एखादीवर संशय असेल तर रात्री तिच्या गुदद्वाराच्या कडेला खाण्याचा रंग बोटाने लावा. सकाळी कुठल्या अंड्यावर डाग आहे ते पाहिले की कळले.

आजारी नसलेल्या कोंबड्या इथेच बाजूला काढायच्या. खुडूक कोंबडी खोक्यात पसरून बसते, हात नेला की फुगते, गुरगुरते, टोचते. उचलून अंगणात सोडली तर दाणे टिपते आणि एकदम मोठी, घाण वासाची शीट टाकते. ती कुंथत नाही. पिसे गाळणारी कोंबडीही अंडी बंद करते. तिचा तुरा आक्रसतो, पण चालणे-खाणे नीट असते. या दोघींना औषधाची गरज नाही.

हाताने तपासणी

संध्याकाळी, खुराड्यात गेल्यावर कोंबडी शांत असते. डाव्या तळव्यावर तिची छाती घ्या, पाय बोटांच्या फटीत धरा, तोंड आपल्या काखेकडे ठेवा. उजवा हात मोकळा राहतो.

पहिल्यांदा छातीचे हाड चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखे लागले, दोन्ही बाजूंचे मांस उतरलेले असले, तर आजार जुना आहे. हाड भरलेले आणि कोंबडी मात्र मलूल, म्हणजे जे काही झाले ते एक-दोन दिवसांतले. ही एकच खूण मला बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी वाटते. पोटात पाणी साठलेल्या कोंबडीचे वजन काट्यावर चांगले भरते आणि आपण फसतो, छातीचे हाड मात्र फसवत नाही.

मग गुदद्वाराच्या खाली दोन्ही बाजूंना जी दोन बारीक, टोकदार हाडे लागतात, त्यांतले अंतर मोजा. अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिथे दोन-तीन बोटे बसतात, न देणारीत जेमतेम एक. गुदद्वारही पाहा. अंडी देणारीचे रुंद, ओले आणि फिकट असते. न देणारीचे लहान, गोल आणि कोरडे.

आता पोट. तळवा दोन पायांच्या मधे खालून लावा. निरोगी पोट सैलसर मळलेल्या कणकेसारखे मऊ लागते. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे हलले तर आत द्रव आहे. कणीक घट्ट भिजवल्यासारखे लागले तर चरबी किंवा आतला पुवाचा गोळा. आणि गुदद्वाराच्या जरा वर, डावीकडे लिंबाएवढा कडक गोल हाताला लागला तर ते अंडे. दाबून पाहू नका. आत अंडे फुटले तर कवचाच्या कडा नळी चिरतात, आणि बरा होणारा आजार न बरा होणारा होतो.

खात्री नसेल तर पातळ हातमोजा घाला, करंगळीला पाण्यात विरघळणारी वंगण जेली लावा, आणि गुदद्वारातून सरळ, किंचित डावीकडे बोट सरकवा. अंडे दाराशी असेल तर तीन-चार सेंटीमीटरवर टोकाला कडक लागतेच. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखे काही लागले तर ते बिनकवचाचे अंडे, आणि ते बाहेर ढकलायला नळीला जास्त त्रास होतो.

शेवटी गळ्याखालची अन्नपिशवी पाहा. सकाळी उपाशीपोटी ती रिकामी हवी. सकाळीही ती घट्ट किंवा पिळपिळीत भरलेली असेल तर खरा आजार तिथे असू शकतो. पण पोटात काही दाटले असले की अन्नपिशवीही तुंबते, त्यामुळे ती भरलेली दिसली म्हणून पोट तपासायचे सोडू नका.

हे सगळे आजारी कोंबडीवर पहिल्यांदा करू नका. या आठवड्यात चार धडधाकट कोंबड्या उचलून चाचपा. चांगले पोट हाताला ठाऊक नसेल तर बिघडलेले ओळखणार कसे?

अंडे अडकले असेल तर

पहिले अंडे देणारी तलंग, फार लठ्ठ कोंबडी, दोन बलकांचे मोठे अंडे, कॅल्शियमची कमतरता, मे महिन्याचा उकाडा किंवा कडक थंडी ही नेहमीची कारणे. नळीच्या स्नायूंना आकसायला कॅल्शियम लागते, हे अनेकांना ठाऊक नसते. आपण कॅल्शियम फक्त कवचाला लागते असे समजतो. पण तेच कमी पडले की कवच पातळ होते आणि ढकलायची ताकदही जाते. कोंबडी दुहेरी अडकते.

क्रम असा ठेवा.

१. तिला इतरांपासून वेगळे करा. खोक्यात भाताचे तूस किंवा जुने कापड, बाहेरून मंद बल्ब, आत उबदार आणि अंधुक. पिण्याचे पाणी जवळ.

२. माणसांच्या औषधदुकानात मिळणारी ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियम-डी३ गोळी अर्धी करून जिभेच्या मागे ठेवा, ती गिळते. तासाभराने उरलेली अर्धी. द्रव औषध पिचकारीने घशात सोडू नका. कोंबडीच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, थेंब तिथे गेला तर ती गुदमरते.

३. घमेल्यात किंवा टबात ३८ ते ४० अंशांचे पाणी घ्या. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहतो, तेवढे गरम. पोट आणि मागचा भाग बुडेल असे पंधरा-वीस मिनिटे बसवा, गार झाले की गरम पाणी घाला. बहुतेक कोंबड्या दोन मिनिटांत शांत होतात, काही तर चक्क डोळे मिटतात.

४. टॉवेलने पुसून पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी पंख्याखाली किंवा वाऱ्यावर सोडली तर अंडे राहिले बाजूला, थंडीच तिला संपवेल. गुदद्वाराच्या कडेने जेली लावून अंधाऱ्या उबदार खोक्यात एक-दोन तास एकटी सोडा. सारखे झाकण उघडून पाहू नका.

५. अंडे आले नाही तर अंघोळ आणि विसावा आणखी एकदा. तेवढ्यानेही आले नाही तर डॉक्टर. पहिल्यांदा दिसल्यापासून चोवीस तास होऊ देऊ नका. कोंबडी धापा टाकत असेल, आडवी पडली असेल, तर पहिल्या पायरीवरही थांबू नका.

पशुवैद्यक सहसा कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन देतात. नळीला जोराने आकसायला लावणारे ऑक्सिटोसिन हा पुढचा विचार, आणि वाट मोकळी असल्याची खात्री झाल्याशिवाय तो धोक्याचा. दाराशी आडवे पडलेले अंडे ढकलायला नळीने जोर केला तर ती फाटते. गाय अडली की देतात ते इंजेक्शन कोंबडीला ‘थोडेसे’ टोचायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. अंडे दिसते आहे पण हलत नाही, अशा वेळी डॉक्टर जाड सुईने आतला बलक ओढून घेतात आणि कवच हलकेच दाबून काढतात. हे घरी करायचे काम नाही.

एरंडेल किंवा गोडेतेल आत ओतायची जुनी रीत आहे. कडेला लावलेल्या दोन थेंबांनी बिघडत नाही, पण पिचकारीने आत सोडलेले तेल अंड्याच्या वर कुठे जाते ते आपल्याला दिसत नाही.

अंडे निघाले म्हणजे काम संपले असे नाही, पुढचे अंडे उद्याच तयार होते. दोन-तीन दिवस रोज अर्धी गोळी द्या आणि उजेड आठ तासांवर आणा, म्हणजे अंडाशयाला विश्रांती मिळेल. निघालेल्या अंड्याचे कवच तपासा. तुकडा कमी असेल, तर तो आत आहे असे धरून डॉक्टरांना दाखवा.

अंग बाहेर आले असेल तर

अंडे पडताना क्षणभर लाल अस्तर बाहेर येते आणि आत जाते. ते नैसर्गिक आहे. आत गेलेच नाही तर आजार. त्यातला खरा शत्रू म्हणजे बाकीच्या कोंबड्या. लाल, ओले काही दिसले की त्या टोचतात आणि काही मिनिटांत आतडी ओढून काढतात. म्हणून आधी कोंबडी उचला, विचार नंतर करा.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट दीड चमचा मीठ घालून त्या पाण्याने भाग धुवा. मळ, तूस, माती निघाली पाहिजे. आत अंडे अडकले आहे का ते बोटाने पाहा, बरेचदा असते. मग पिठीसाखरेचा घट्ट लेप किंवा मध लावून पाच-दहा मिनिटे थांबा. साखर सुजेतले पाणी ओढून घेते आणि फुगलेला भाग आकसतो. साखर धुऊन, जेली लावून, हातमोज्याच्या बोटाने तो हळूहळू आत सारा आणि मिनिटभर तसाच दाबून धरा. पुन्हा बाहेर आला तर पुन्हा हेच, दिवसातून दोन-तीनदा.

घरात मूळव्याधीचे मलम असते आणि हात तिकडे जातो. त्यातल्या अनेक मलमांत बधिर करणारे औषध असते आणि पक्ष्यांना त्याची मात्रा पटकन जास्त होते. ते लावू नका. हळद लावायला हरकत वाटत नाही, पण सूज उतरवते ती साखर.

कोंबडीला अंधुक जागी चार-पाच दिवस ठेवा. या काळात तिने अंडे न देणेच बरे. भाग काळा पडला, वाळला किंवा फाटला असेल, किंवा तीन दिवसांत राहत नसेल, तर डॉक्टर टाका घालू शकतात. पण हा आजार उलटतो आणि टाका घातलेली कोंबडीही पुढच्या मोसमात परत येते. खरे सांगायचे तर दुसऱ्यांदा अंग बाहेर आलेली कोंबडी मी अंड्यासाठी ठेवत नाही. पावसाळ्यात आणखी एक संकट: माशी बसून अळ्या पडतात. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात म्हणून इथेही घालू नका, हे अस्तर आहे, कातडी नव्हे. अळ्या चिमट्याने वेचून मीठपाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

कारण बहुतेक वेळा चार महिने आधीचे असते. शरीर भरायच्या आत तलंगेला जास्त उजेड मिळाला की ती लवकर अंड्यावर येते आणि वाट तयार नसते. अठरा आठवड्यांच्या आत बल्ब लावून दिवस लांबवू नका. नंतरही आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेऊन सोळा तासांवर थांबा.

पोटात बलक, नळीत पू

हा तिसरा आजार सगळ्यांत फसवा. कोंबडी आठवड्यापूर्वीपर्यंत अंडी देत होती, किंवा खोक्यात जाऊन बसते पण अंडे नसते. पोट हळूहळू मोठे होते, छातीचे हाड वर येते, शीट पिवळट-हिरवी होते, तुऱ्याचे टोक जांभळे पडते. आत असे झालेले असते की झेलला न गेलेला बलक पोटात सांडला आणि आतड्यातून किंवा नळीतून आलेल्या ई. कोलाय जंतूंना तो आयताच मिळाला. बलकाइतके चांगले खाद्य जंतूंना दुसरे कुठले?

कधी कधी नळीतच पू साठतो आणि कोंबडी अंड्याच्या आकाराचा, रबरासारखा, आत थरावर थर असलेला पिवळट गोळा टाकते. लोक त्याला बिघडलेले अंडे म्हणतात, पण ते अंडे नसते. तो फेकून न देता पिशवीत ठेवून डॉक्टरांकडे न्या. निदानाला त्याच्यासारखा पुरावा नाही, आणि त्यावरूनच जंतू वाढवून कुठले औषध चालेल ते तपासता येते.

पोटात नुसते पाणी असेल तर डॉक्टर सुईने ते काढून पाहतात. पिवळे, गढूळ, बलकाचे कण असलेले पाणी म्हणजे बलकाचा दाह. पाणी स्वच्छ असेल तर यकृत, हृदय किंवा गाठ. दोन वर्षांवरच्या लेयर कोंबडीत अंडाशयाचा कर्करोग इतका आढळतो की स्त्रियांच्या या कर्करोगाच्या संशोधनात कोंबडी वापरली जाते. अशा कोंबडीला पाणी काढल्यावर थोडे दिवस श्वास मोकळा मिळतो, त्यापलीकडे काही करता येत नाही.

दाह सुरुवातीलाच सापडला, कोंबडी खात असली, तर योग्य अँटिबायोटिक, वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत मेलोक्सिकॅम आणि ऊब यांनी काही कोंबड्या सावरतात. घरातली डायक्लोफेनॅकची गोळी देऊ नका. गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करून ज्या औषधाने त्यांचा नायनाट केला आणि ज्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, ते हेच. छातीचे हाड पाते झालेले, पोट ताणलेले, खाणे बंद, अशा कोंबडीला आठ दिवस इंजेक्शने टोचत राहणे मला दया वाटत नाही. तिला शांतपणे मरण देण्याबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

एका वेळी अनेक कोंबड्या बिघडल्या तर

एकच कोंबडी आजारी असेल तर तिची नळी पाहा. दहा कोंबड्यांची अंडी एकाच आठवड्यात बिघडली तर खाद्य, उन्हाळा किंवा विषाणू पाहा.

शिंका, घरघर आणि त्यानंतर सुरकुत्या पडलेली, वेडीवाकडी अंडी, फोडल्यावर पांढरा बलक पाण्यासारखा पसरणारा: ही इन्फेक्शस ब्रॉन्कायटिसची खूण. हा रोग पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांना झाला तर नळी कायमची बिघडते. अशा कोंबड्या मोठ्या होतात, तुरा लाल होतो, खोक्यात बसतात आणि जन्मभर अंडे देत नाहीत. कोंबड्या खातात-पितात, धडधाकट आहेत, पण फिकट आणि बिनकवचाची अंडी पडू लागली तर १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये प्रथम नोंदला गेलेला एग ड्रॉप सिंड्रोम आठवा. बदकांबरोबर एकाच डबक्यावर कोंबड्या जात असतील तर जास्तच. मान वाकडी, हिरवी शीट, मरतुक म्हणजे मानमोडी (राणीखेत रोग). या तिन्हींवर लस आहे, उपचार नाही. अंड्यावर येण्याआधी लसी पुऱ्या झाल्या का, हे गावच्या पशुधन पर्यवेक्षकाला विचारा.

कोंबड्या पटापट मरू लागल्या, डोके सुजले, तुरे निळे पडले, तर एकही कोंबडी फाडू नका, विकू नका, वाटू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

विषाणूवर जायच्या आधी मात्र खाद्याचा हिशेब करा, बहुतेक परसातली चूक तिथेच सापडते. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम लेयर खाद्यातून कोंबडीला साडेतीन ते चार ग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम ज्वारीतून तीस मिलिग्रॅमही मिळत नाही. नाचणी तृणधान्यांत कॅल्शियमची राणी, तीही साडेतीनशे मिलिग्रॅमवर थांबते. नुसत्या दाण्यांवर आरआयआरकडून रोज अंड्याची अपेक्षा करणे म्हणजे तिच्या हाडांतून कवच काढणे आहे. गावरान कोंबडी कमी अंडी देते म्हणून निभावते.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, खाद्यात मिसळू नका; जिला हवा ती खाईल. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तर तिसऱ्या (खायचे शिंपले) खाऊन झाल्या की शिंपल्या फुकट मिळतात. धुवा, वाळवा, दोन-चार मिलिमीटरचे तुकडे होतील एवढेच कुटा. भुकटी लगेच निघून जाते, जाड तुकडे रात्रभर पेठ्यात (दाणे दळणाऱ्या जाड पोटात) झिजत राहतात, आणि कवच रात्रीच बनते. म्हणूनच हे भांडे संध्याकाळी भरलेले हवे. पानाचा चुना देऊ नका, तो घसा भाजतो. अंड्याची कवचे द्यायची तर तव्यावर भाजून बारीक करून. ओळखू येतील अशी दिली तर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात. आणि लेयर खाद्य सोळा आठवड्यांच्या आतल्या तलंगांना घालू नका, एवढ्या कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

उन्हाळ्यात विदर्भात, खानदेशात खाद्य बरोबर असूनही कवच पातळ होते. धापा टाकताना कोंबडी कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते, रक्तातला बायकार्बोनेट कमी होतो आणि कवचाला कार्बोनेट पुरत नाही. सावली, गार पाणी, खाद्य पहाटे आणि संध्याकाळी, छपरावर ओले पोते, हा इथला उपचार.

औषध, अंडी आणि रस्सा

बलक पिकायला आठ-दहा दिवस लागतात. आज दिलेले औषध आज वाढणाऱ्या सगळ्या बलकांत थोडे थोडे साठते, म्हणून औषध थांबल्यावरही कित्येक दिवस अंड्यात ते निघत राहते. किती दिवस अंडी टाकायची ते डॉक्टरांकडून औषधाच्या नावासह लिहून घ्या. ती अंडी शेजारी किंवा कुत्र्यालाही देऊ नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना द्यायला २०१९ पासून बंदी आहे. जुना डबा कुणाच्या माळ्यावर असेल तर तो वापरायचा नाही.

कापून खाण्याचा प्रश्न सगळे मनात विचारतात, म्हणून सांगतो. नुकतेच अंडे अडकलेली, औषध न दिलेली, अंगाने भरलेली, खाणारी-पिणारी कोंबडी कापली तर मांसाला काही झालेले नसते. पोटात पाणी, पू, दुर्गंधी, गाठी, वाळलेली छाती किंवा अँटिबायोटिक चालू, यातले एकही असेल तर ती पुरायची.

मेलीच तर

एखादीच मेली असेल आणि कारण कळत नसेल तर तासाभरात पातळ पिशवीत घालून, ती बर्फाच्या डब्यात ठेवून तालुक्याच्या दवाखान्यात न्या. गोठवू नका, गोठलेल्या पेशींवरून निदान नीट होत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तालुक्याचे डॉक्टर गरज पडली तर नमुना तिथे पाठवतात. पिशवीबरोबर चिठ्ठी द्या: वय, जात, शेवटचे अंडे कधी, खाद्य काय, लसी कुठल्या, औषध काय दिले. शवविच्छेदन झाल्यावर अंडनलिकेत काय सापडले हे आवर्जून विचारा आणि शक्य असेल तर समोर उभे राहून पाहा. पोटातला शिजवल्यासारखा पिवळा बलक एकदा पाहिला की पुढच्या वेळी तळव्याखालचे पोट ओळखू येते.

तपासणीला न नेलेल्या मेलेल्या कोंबड्या तीन फूट खड्ड्यात, वरून चुना टाकून, विहिरीपासून लांब. कुत्री उकरतात, म्हणून वर मोठा दगड ठेवा.